दगडावर लिहिलेले करार : नोरावांक मठातील शिल्पे आणि शिलालेख

आर्मेनियाच्या दक्षिणेला वायोत्स द्झोर नावाचा डोंगराळ प्रांत आहे. राजधानी येरेवानहून तिकडे जाताना, द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अरेनी गावापाशी मुख्य रस्ता सोडला की एका अरुंद घळीत शिरावे लागते. दोन्ही बाजूंना विटकरी रंगाचे उभे कडे आहेत आणि तळातून एक लहान नदी वाहते. घळ जरा मोकळी होते तेथे, डोंगराच्या एका टप्प्यावर, नोरावांक मठ उभा आहे. ‘नोर’ म्हणजे नवा आणि ‘वांक’ म्हणजे मठ. हा ‘नवा मठ’ होव्हान्नेस नावाच्या बिशपांनी १२०५ मध्ये वसवला. म्हणजे त्याला आठशे वर्षे होऊन गेली, पण नाव मात्र नवेच राहिले.

इतक्या दूरच्या एका ख्रिस्ती मठाचा विषय साहित्यविषयक व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की नोरावांक ही जितकी वास्तू आहे तितकेच ते लेखनही आहे. तेथील भिंती, दारांचे माथे, खांब, थडगी आणि पायाखालची फरशी हे सर्व अक्षरांनी भरलेले आहे. ही अक्षरे कोणी लिहवून घेतली, ती काय मागतात आणि कोणाकडे मागतात, हे समजले म्हणजे तेथील शिल्पांचाही अर्थ लागतो. या लेखात आपण तेवढेच पाहणार आहोत.

मठाची रचना

मध्ययुगीन आर्मेनियन मठात मुख्य देऊळ, म्हणजे चर्च, बहुधा आकाराने लहान असते. त्याला जोडून पश्चिमेला एक प्रशस्त दालन असते. त्याला ‘गावित’ म्हणतात. आपल्याकडे गाभाऱ्यापुढे सभामंडप असतो, तशीच ही जागा. येथे लोक जमत, मठाचे व्यवहार ठरत, आणि येथेच सरदारांना व वरिष्ठ धर्मगुरूंना पुरले जाई. त्यामुळे गावितची फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळाच असतात. चर्चकडे जाणारा माणूस त्या नावांवर पाय ठेवूनच पुढे जातो. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, परंतु त्या पायांखाली येण्यातच मृताची नम्रता आहे आणि आपले नाव रोज कोणाच्या तरी नजरेस पडावे ही इच्छाही आहे.

नोरावांकमध्ये तीन मुख्य वास्तू आहेत. सूर्ब काराबेत, म्हणजे संत योहानाचे चर्च, १२१६ ते १२२३ या काळात लिपारित ओर्बेलियान या सरदाराने बांधले. त्याच्या पश्चिमेचे गावित १२६१ मधले. शेजारी सूर्ब ग्रिगोर हे छोटे चर्च १२७५ मध्ये सिरानेस नावाच्या स्थपतीने उभे केले. थोड्या अंतरावर दुमजली सूर्ब अस्तवात्सात्सिन, म्हणजे देवमातेचे चर्च आहे. ते बुर्तेल ओर्बेलियानने बांधवले म्हणून त्याला ‘बुर्तेलाशेन’ असेही म्हणतात. ते १३३९ मध्ये पुरे झाले. १८४० च्या भूकंपात त्याचा घुमट कोसळला आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या अखेरीस, तो पुन्हा चढवण्यात आला.

वारंवार येणारे ओर्बेलियान हे नाव लक्षात ठेवावे. हे घराणे मूळचे या प्रांतातले नव्हे. बाराव्या शतकात ते जॉर्जियाच्या दरबारात मोठ्या मानाचे होते. ११७७ मध्ये राजाविरुद्धच्या बंडात त्यांनी भाग घेतला, बंड फसले आणि घराण्याची जवळजवळ कत्तल झाली. उरलेल्यांपैकी एका शाखेला तेराव्या शतकाच्या आरंभी वायोत्स द्झोरमध्ये जहागीर मिळाली. नव्या मुलखात आलेल्या या कुटुंबाला आपण येथलेच आहोत हे लोकांना आणि देवालाही पटवायचे होते. त्यासाठी त्यांनी किल्ल्यांइतकाच भरवसा मठावर आणि दगडातल्या अक्षरांवर ठेवला. मुलूख सोडून दुसऱ्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घराण्यांच्या वंशजांना हा भाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

लिपी, आकडे आणि कालगणना

आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स या विद्वान भिक्षूने इसवी सन ४०५ च्या सुमारास तयार केली. तिच्यात मूळची ३६ अक्षरे. पुढे मध्ययुगात आणखी दोन जोडली गेली. ही घटना कोणत्या घडीला झाली ते पाहण्यासारखे आहे. ३८७ मध्ये आर्मेनियाची रोमन आणि इराणी साम्राज्यांत वाटणी झाली होती आणि ४२८ मध्ये उरलेसुरले राजपदही गेले. म्हणजे राज्य हातातून निसटत असतानाच लिपी हाती आली. पुढच्या काळात राज्ये आली आणि गेली, परंतु लिखाण थांबले नाही.

शिलालेखांत जी मोठी, ठसठशीत अक्षरे दिसतात त्यांना ‘येर्कातागिर’, म्हणजे लोहाक्षरे, म्हणतात. शिलालेखाला त्यांचा शब्द आहे ‘विमागिर’. ‘वेम’ म्हणजे शिळा आणि ‘गिर’ म्हणजे लेख. आपल्या शिलालेख या शब्दाची तीच घडण आहे. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत त्या काळी नव्हती. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. जागा वाचवण्यासाठी दोन-तीन अक्षरे एकात एक गुंफत. देव, येशू, ख्रिस्त असे पवित्र शब्द पूर्ण न लिहिता पहिले-शेवटचे अक्षर लिहून वर एक आडवी रेघ देत. या रेघेला ‘पातिव’ म्हणतात आणि पातिव या शब्दाचा अर्थ मान किंवा आदर. संक्षेपाच्या खुणेलाच आदर हे नाव असावे, यात त्या लेखनसंस्कृतीचा स्वभाव दिसतो.

आकड्यांसाठी वेगळी चिन्हे नसत. पहिली नऊ अक्षरे म्हणजे १ ते ९, पुढची नऊ म्हणजे १० ते ९०, त्यापुढची शतके आणि शेवटची नऊ सहस्रके. अक्षरांनी संख्या सांगण्याची कटपयादी पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. उदाहरणार्थ, ७४९ लिहायचे तर ७००, ४० आणि ९ या किमतींची तीन अक्षरे ओळीने लिहिली की काम झाले. आर्मेनियन कालगणना ५५२ पासून सुरू होते. शालिवाहन शकात आपण ७८ मिळवतो, तसे आर्मेनियन वर्षात ५५१ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे वरचे ७४९ हे १३०० साल झाले.

लेखाची घडण

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या लेखांत असते काय? राजांची स्तुती किंवा लढायांची वर्णने फार थोडी. बहुसंख्य लेख दानलेख आहेत आणि त्यांची घडण बरीचशी ठरलेली आहे.

आरंभी देवाच्या कृपेचा उल्लेख येतो. मग कोणाच्या अमदानीत हे घडले ते सांगितले जाते. त्यानंतर दाता स्वतःच बोलू लागतो : मी अमुक, अमक्याचा मुलगा किंवा अमक्याची पत्नी, या पवित्र मठाचा सभासद झालो आणि माझ्या हक्काच्या मालमत्तेतून हे हे दिले. हे देणे कधी एक अख्खे गाव असते, कधी द्राक्षमळा, बाग, पाणचक्की किंवा शेताचा तुकडा असतो, तर कधी रोख रक्कम किंवा एखादे हस्तलिखित. मठाच्या समुदायाला येथे जो शब्द येतो तो ‘उख्त’. त्याचा मूळ अर्थ नवस, शपथ, करार. एकत्र राहणाऱ्या भिक्षूंचा समुदाय म्हणजेच एक करार, अशी ही कल्पना आहे. दान देणारा गृहस्थ भिक्षू होत नसे, पण दानाने तो त्या करारात सामील होई.

करार म्हटला की दुसरी बाजूही हवी. तीही लेखात असते : मठाच्या प्रमुखाने आणि बंधूंनी माझ्यासाठी वर्षातून अमुक इतक्या उपासना अमुक सणाच्या दिवशी करण्याचे ठरवले आहे. या उपासनेला ‘पातारग’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अर्पण. संख्या नेमकी दिलेली असते, सण नेमका सांगितलेला असतो. कधी एकाच लेखात काही उपासना नवऱ्यासाठी, काही बायकोसाठी, काही वारलेल्या आईबापांसाठी अशी वाटणीही असते. या सगळ्यात भाबडेपणा नाही. व्यवहार चोख आहे आणि तो दोन्ही पक्षांनी पाळावा म्हणून उघड्यावर कोरला आहे. कागद किंवा चामडे जळते, हरवते, कोणी बदलू शकतो. भिंतीवरचे अक्षर बदलायचे तर सर्वांदेखत छिन्नी चालवावी लागते.

शेवटी आशीर्वाद आणि शाप. जो हे पाळील त्याचे कल्याण होवो. जो मोडील त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो. ३१८ ही संख्या ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मसभेतील बिशपांची परंपरेने मानलेली संख्या आहे. याशिवाय त्याचा वाटा यहूदाबरोबर किंवा काइनबरोबर असो, असेही म्हटलेले असते. शिलाहार आणि यादव काळातले आपले गधेगाळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वाचून हसू येईल आणि ओळखही पटेल. दान मोडणाऱ्याला आपल्या पूर्वजांनी दिलेला शाप अधिक उघडा होता, एवढाच फरक. याच सुमारास, १२७३ ते १२७७ या वर्षांत, पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळातील चौऱ्यांशीच्या शिलालेखात लहानमोठ्या देणगीदारांची नावे आणि रकमा कोरल्या जात होत्या. दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची वार्ताही नव्हती. देवाच्या दारी नाव राहावे ही इच्छा मात्र एकच होती.

या लेखांत आणखी एक गोष्ट हमखास येते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘हिशेत्सेक’ हा शब्द, म्हणजे ‘आठवण ठेवा’. हे सांगणे देवाला नाही आणि मठालाही नाही. ते वाचणाऱ्याला आहे. जो कोणी हे वाचील त्याने प्रार्थनेत माझे नाव घ्यावे, एवढीच विनंती. याचा अर्थ असा की या करारात तीन पक्ष आहेत : देणारा, स्वीकारणारा आणि वाचणारा. पहिले दोघे कधीच गेले. तिसरा मात्र अजून येत राहतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाने न पाहिलेल्या माणसावर टाकलेला हा विश्वास आहे.

खाचकार

मठाच्या आवारात आणि भिंतींत ठिकठिकाणी उभ्या कोरीव शिळा दिसतात. ‘खाच’ म्हणजे क्रूस आणि ‘कार’ म्हणजे दगड. म्हणून त्यांना खाचकार म्हणतात. निश्चित साल असलेला सर्वांत जुना खाचकार ८७९ चा, गार्नी येथे कात्रानिदे राणीने उभारलेला. एखाद्याच्या आत्म्याच्या तारणासाठी, विजयाची आठवण म्हणून, चर्च किंवा पूल पुरा झाला म्हणून, अशा अनेक निमित्तांनी ते उभारत. कोरलेली बाजू बहुधा पश्चिमेला असते, म्हणजे तिच्यापुढे उभा राहणारा आपोआप पूर्वेला तोंड करून उभा राहतो.

खाचकारावरील क्रूसावर ख्रिस्ताचे शरीर क्वचितच असते. क्रूस हा जिवंत झाडासारखा दाखवलेला असतो. त्याच्या खालच्या टोकातून दोन्ही बाजूंना पाने फुटतात, कडेला द्राक्षांचे घड आणि डाळिंबे असतात, तळाशी वर्तुळाकार चक्र किंवा बीज असते. मृत्यूच्या साधनातून जीवन उगवते, हा सगळा धर्मविचार एका वेलबुट्टीत सामावलेला आहे. तेराव्या शतकात हे कोरीवकाम इतके बारीक झाले की १२९१ मध्ये पोघोस या कारागिराने गोशावांक मठात घडवलेल्या खाचकाराला लोक ‘सुईकाम’ म्हणतात. दगडात थरावर थर कोरल्यामुळे खालच्या थराची सावली वरच्या जाळीतून दिसते आणि ऊन फिरेल तसे शिल्प बदलत राहते. खाचकार घडवण्याची ही कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ती आजही चालू आहे.

या वेलबुट्टीच्या कडेला किंवा तळाशी लेख असतोच. त्यात बहुधा एवढेच म्हटलेले असते की हे पवित्र चिन्ह अमक्यासाठी ख्रिस्तापाशी रदबदली करो. म्हणजे शिळा ही निव्वळ स्मारक नाही. ती मृताच्या वतीने उभी राहिलेली वकील आहे.

मोमिक

नोरावांकचे नाव ज्या कलावंतामुळे झाले तो मोमिक. तो स्थपती होता, शिल्पकार होता आणि हस्तलिखितांचा चित्रकारही होता. १३०२ मध्ये त्याने चितारलेले शुभवर्तमानाचे हस्तलिखित येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात आहे. अरेनी गावचे १३२१ चे चर्च त्याचेच. १३०८ चा नोरावांकचा खाचकार त्याच्या उत्तम कामांपैकी एक मानतात.

मोमिक दोन्ही माध्यमांत काम करीत होता हे समजले की नोरावांकचे शिल्प वेगळ्या रीतीने दिसू लागते. गावितच्या पश्चिम दारावर खिडकीच्या वर आणि खाली अशा दोन कमानदार शिल्पपट्ट्या आहेत. खालच्या पट्टीत देवमाता बाळाला घेऊन सतरंजीवर बसली आहे. सतरंजीचे गोंडेही दगडात नीट कोरले आहेत. तिच्याभोवती पानाफुलांची वेल फिरते आणि त्या वेलीतून मोठी उठावदार अक्षरे उगवल्यासारखी वर येतात. अक्षर कुठे संपते आणि पान कुठे सुरू होते हे शोधावे लागते. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर चित्रकार जसा आद्याक्षराचा मोर किंवा वेल करतो, तोच हा प्रकार.

वरच्या पट्टीत याहून विलक्षण दृश्य आहे. मोठ्या मस्तकाचा, लांब दाढीचा, बदामी डोळ्यांचा परमपिता समोर पाहतो आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात एक मस्तक. ते आदमचे मानतात. जवळ पवित्र आत्म्याचे कबूतर, बाजूला क्रुसावरचा ख्रिस्त. परमपित्याची मूर्ती आर्मेनियन शिल्पात फार दुर्मीळ आहे. आरंभीचा माणूस, त्याच्या पापाची फेड करणारा ख्रिस्त आणि दोघांना एका नजरेत धरणारा देव, एवढा मोठा पट एका दाराच्या माथ्यावर बसवला आहे आणि उरलेली जागा अक्षरांनी भरली आहे. चित्र अक्षरांचा अर्थ सांगते आणि अक्षरे चित्राला नाव देतात.

बुर्तेलाशेन हे तर उभे केलेले पुस्तकच. खालच्या मजल्यावर घराण्याची समाधी, वर प्रार्थनास्थळ. वर जायला पश्चिम भिंतीतून पुढे आलेल्या दोन्ही बाजूंच्या अरुंद दगडी पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नाही. खालच्या दारावर देवमाता आणि तिच्या दोन बाजूंना देवदूत, वरच्या दारावर ख्रिस्त आणि त्याच्या बाजूंना संत पीटर व संत पॉल. अगदी वर, घुमटाखालच्या खांबांवर देवमाता आणि दाते कोरले आहेत, आणि एका दात्याच्या हातात याच चर्चची लहानशी प्रतिकृती आहे. खालून वर नजर नेली की मृत्यूपासून अर्पणापर्यंतची वाट वाचून होते.

मोमिक १३३३ मध्ये वारला. बुर्तेलाशेन पुरे झालेले त्याने पाहिले नाही. आवारात त्याच्या नावाचा त्याच सालचा एक लहान, साधा खाचकार आहे. इतरांसाठी एवढे कोरणाऱ्याच्या वाट्याला थोडीच अक्षरे आली. पण आली, हे महत्त्वाचे.

सिंहशिळा आणि दोन लिप्या

सूर्ब ग्रिगोर चर्चमध्ये ओर्बेलियान घराण्याची थडगी आहेत. त्यांत १३०० सालची एलिकुम या सरदाराची शिळा सर्वांच्या लक्षात राहते. तिच्यावर पाय मुडपून पहुडलेला सिंह कोरला आहे, परंतु त्याचा चेहरा माणसाचा आहे. लेखातही मृताला सिंहाची उपमा दिली आहे. येथेही शब्द आणि शिल्प एकच गोष्ट दोनदा सांगतात.

हा सगळा काळ मंगोल सत्तेचा होता, हे विसरता कामा नये. १२३६ मध्ये मंगोलांनी आर्मेनिया जिंकला. स्म्बात ओर्बेलियान याने थेट मंगोलियातील काराकोरमपर्यंत प्रवास करून मोंगके खानाकडून आपल्या मुलखासाठी आणि मठांसाठी सवलती मिळवल्या. नोरावांकमधले नाजूक कोरीवकाम निवांत काळात झाले नाही. ते मोठ्या सत्तेशी जपून वागत, कर भरत, फर्माने मिळवत केलेले काम आहे.

या घराण्याचा व्यवहारीपणा आणखी एका ठिकाणी दिसतो. याच प्रांतातील सेलिम घाटात चेसार ओर्बेलियानने १३३२ मध्ये व्यापाऱ्यांच्या तांड्यांसाठी सराई बांधली. तिच्या आत आर्मेनियन लेख आहे आणि दारावर, बाहेरून येणाऱ्याला दिसेल असा, अरबी लिपीतला फारसी लेख. घरात आपली भाषा आणि दारावर सत्तेची व बाजाराची. आपल्या प्रदेशाबाहेर राहणाऱ्या कोणत्याही भाषिक समाजाला हा हिशेब ठाऊक असतो.

वाचणारा नसेल तर

ओर्बेलियानांपैकी एक जण तलवारीकडे न जाता धर्माकडे वळला. त्याचे नाव स्तेपानोस. तो सिउनिक प्रांताचा मुख्य बिशप झाला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने त्या प्रांताचा इतिहास लिहिला. त्यासाठी त्याने जुने ग्रंथ आणि दानपत्रे पाहिलीच, शिवाय मठांच्या भिंतींवरचे लेख वाचून त्यांचा मजकूर आपल्या ग्रंथात उतरवून घेतला. त्यांतले काही मूळ लेख पुढे नष्ट झाले आणि आज ते केवळ त्याच्या ग्रंथामुळे माहीत आहेत. ‘आठवण ठेवा’ ही विनंती इतक्या जबाबदारीने मानणारा वाचक त्या दगडांना मिळाला हे त्यांचे भाग्य.

आर्मेनियन भाषेत हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जी टीप लिहितो, आपण जिला पुष्पिका म्हणतो, तिला ‘हिशाताकारान’ म्हणतात. आठवण ठेवण्याची जागा, असा त्याचा अर्थ. ‘हिशेत्सेक’ आणि हा शब्द एकाच मुळाचे. म्हणजे त्यांच्या लेखी पोथीचे शेवटचे पान आणि मठाची भिंत यांचे काम एकच.

विसाव्या शतकात विद्वानांनी हे काम पुढे नेले. आर्मेनियन शिलालेखांचा संग्रह १९६० पासून खंडाखंडाने छापला जाऊ लागला आणि वायोत्स द्झोरचा खंड १९६७ मध्ये आला. या संग्रहाचे नाव ‘दिवान’ या शब्दाने सुरू होते. आपण दिवाण-दफ्तर म्हणतो त्यातलाच हा दिवाण, आणि दगडावरच्या करारांच्या नोंदवहीला याहून योग्य नाव नाही.

ही नोंद किती गरजेची होती ते जुघा येथे कळले. नाखिचेवानमध्ये, आरास नदीच्या काठी, जुघा या जुन्या व्यापारी गावाच्या स्मशानात हजारो खाचकार उभे होते. १६०४-०५ मध्ये शाह अब्बासने तेथील सर्व वस्ती उठवून इस्फहानला नेली. माणसे गेली, शिळा राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीसही त्यांतल्या दोन-तीन हजार शिल्लक होत्या. १९९८ ते २००५ या वर्षांत त्या टप्प्याटप्प्याने फोडण्यात आल्या. डिसेंबर २००५ मध्ये नदीपलीकडून, इराणच्या हद्दीतून, सैनिक घणांनी शिळा फोडत असल्याचे चित्रण झाले. आझरबैजानने हे नाकारले, परंतु उपग्रहांच्या छायाचित्रांत स्मशान नाहीसे झालेले दिसते. आज तेथे एकही खाचकार उभा नाही. जे कोणी आधी वाचून, उतरून, छायाचित्रे काढून ठेवले होते, तेवढेच उरले.

जुघाहून उठलेल्या लोकांनी इस्फहानजवळ नवे जुघा, म्हणजे न्यू जुल्फा, वसवले आणि तेथून त्यांचे व्यापारी सुरत, आग्रा, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथवर पसरले. आग्र्याच्या जुन्या ख्रिस्ती स्मशानात १६११ पासूनच्या आर्मेनियन कबरी आहेत. मद्रासला १७९४ मध्ये आर्मेनियन भाषेतील पहिले नियतकालिक निघाले. मुंबईच्या फोर्ट भागातील मेडोज स्ट्रीटवर १७९६ मध्ये त्यांचे चर्च झाले. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत कर्नल जेकब हे आर्मेनियन सेनाधिकारी होते. तेव्हा हा समाज आपल्याला अगदीच अनोळखी नाही. येरेवानला जाणे जमले नाही तरी आग्र्याच्या त्या शिळांवर तीच लोहाक्षरे पाहता येतात. अर्थ लागला नाही तरी वर आडवी रेघ ओढलेली अक्षरे शोधावीत. बहुधा तेथे देवाचे नाव असेल आणि जवळपास एखाद्या माणसाचे.

आणि मग आपल्या गावातली देवळे, घाट, छत्र्या, समाध्या पाहाव्यात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत अशा दगडांवर मराठी लेख आहेत, काही देवनागरीत, काही मोडीत. कोणी पायऱ्या बांधल्या, कोणी दिवाबत्तीसाठी नेमणूक करून दिली, कोणत्या शकात, कोणाच्या नावे. त्यांवर चुना चढतो, फरशी बसते, मोडी वाचणारा शेवटचा माणूस जातो. नोरावांकमधल्या दात्यांनी मळे आणि पाणचक्क्या देऊन जे विकत घेण्याचा प्रयत्न केला ते एवढेच होते, की पुढे कोणी तरी उभे राहून आपले नाव वाचावे. ते देण्यासाठी वाचकाला मळा लागत नाही. वही, पेन्सिल आणि एक मोकळी सकाळ पुरते.